उत्तरपत्रिका क्रमांक तेवीस

७ जानेवारी २००२, सोमवार

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवते. एक: पहिलीपासून इंग्रजी आल्यामुळे प्राथमिक शिक्षकांचे सहा दिवसांचे प्रशिक्षण आज साडेदहाला सुरू व्हायचे होते, सव्वाअकराला सुरू झाले. दोन: यादीत चाळीस, हजर सदतीस. तीन: शिकवणारी मी एकटी, विषय, इंग्रजी क्रियापदांचे प्रकार. चार: शनिवारी चाचणी, आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या नावापुढे 'पात्र' किंवा 'अपात्र' हा शेरा माझ्या सहीने कार्यालयात जाणार. पाच: अपात्र ठरलेला शिक्षक कायम असेल तर त्याची बदली, शिक्षणसेवक असेल तर नेमणूक संपुष्टात. ही पाचवी गोष्ट विस्तार अधिकाऱ्यांनी उद्घाटनाच्या भाषणात हसत हसत सांगितली. समोर कोणी हसले नाही.

चाचपणीसाठी फळ्यावर लिहिले: 'शी लुक्स हॅपी.' यातले 'लुक्स' कोणत्या प्रकारचे? पुढच्या बाकावरून उत्तर आले, "बघायचं क्रियापद." ती बाई कुणाकडेही बघत नाही, ती तशी दिसते, हे समजावण्यात चाळीस मिनिटे गेली.

त्यांच्या अज्ञानाची मला भीती वाटत नाही. माझ्या सहीची वाटते. सदतीस माणसांचे बरेवाईट सहा दिवसांत ठरवायचे, आणि ते चुकता कामा नये.

८ जाने., मंगळवार

तक्ता लावला. काल संध्याकाळी पट्टीने आखून पूर्ण केला होता. सकर्मक म्हणजे ट्रान्झिटिव्ह, अकर्मक म्हणजे इन्ट्रान्झिटिव्ह. कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारे लिंकिंग. मदतीला उभे राहणारे ऑक्झिलरी, आणि त्यातच शक्यता-परवानगी सांगणारे मोडल. कृती दाखवणारी वेगळी, स्थिती दाखवणारी वेगळी. सगळ्यांनी मुकाट्याने उतरवून घेतला. एकाने विचारले, "मॅडम, ह्यातलं शनिवारी काय येणार?"

शेवटच्या बाकावर मगदूम गुरुजी. कागलकडच्या एका द्विशिक्षकी शाळेचे प्रमुख. वय छप्पन्न, निवृत्तीला दोन वर्षे. पांढरी टोपी, खिशाला शाईचे पेन. लिंकिंग क्रियापदाचे काम विचारले. उभे राहिले आणि म्हणाले,

"बाई, ते जू असतंय न्हवं? दोन्हीकडं बैल. मधलं लाकूड काय वडत न्हाय, नुसतं जोडतंय."

वर्ग हसला. मी म्हणाले, "गुरुजी, इथे शेती चाललेली नाही, व्याकरण चालले आहे. इंग्रजीत सांगा."

"मग बसतो," म्हणाले आणि बसले.

त्यांच्याच शाळेतली दुसरी शिक्षिका, कु. सुवर्णा चौगुले, शेजारी. शिक्षणसेविका, वय तेवीस, नोकरीचे दुसरे वर्ष. तोच प्रश्न तिला विचारला. तोंड उघडले, शब्द नाही. पाच मिनिटे उभी ठेवली. चौथीतल्या मुलीलाही हे येईल, असे बोलून गेले. शिस्तीला ते आवश्यक होते.

१० जाने., गुरुवार

चहाच्या सुट्टीत जिन्याखाली दोघे बोलत होते, मी वर आहे हे न कळून.

"मॅडमनी ज्याचं नाव ध्यानात ठेवलं, त्याचं काय खरं न्हाय बग."

"आपलं न्हाय ठेवलं. मगदूम गुरुजींचं ठेवलंय."

कानात कोणी काडी घातल्यासारखे झाले. मी तोंड बघून गुण देईन, असे यांना वाटते! बावीस वर्षांत माझ्या तपासणीवर कुणी बोट ठेवलेले नाही.

उपाय योजला. श्रीखंडाचे दोन रिकामे डबे. पहिल्यात एक ते सदतीस क्रमांकांच्या चिठ्ठ्या. प्रत्येकाने एक उचलायची, उत्तरपत्रिकेवर फक्त तो क्रमांक घालायचा. पेपर दिला की चिठ्ठीच्या पाठीवर स्वतःचे नाव लिहून ती दुसऱ्या डब्यात टाकायची. त्या डब्याचे झाकण मी चिकटपट्टीने बंद करणार, आणि गुण लावून होईपर्यंत उघडणार नाही. मी नाव पाहणारच नाही, मग बोट कशावर ठेवाल?

१२ जाने., शनिवार

चाचणी झाली. प्रश्न चौथा: लिंकिंग क्रियापदे वापरून स्वतःविषयी पाच खरी वाक्ये. प्रश्न पाचवा: सकर्मक आणि अकर्मक हा फरक चौथीच्या मुलाला मराठीत समजावून सांगा.

म. गुरुजींनी हात वर केला. "खरी म्हंजे किती खरी, बाई?"

"संपूर्ण खरी."

"मग बायकोचं नाव काढायला नको," मागून कोणीतरी. हशा.

सुवर्णा चौगुले अर्ध्या तासाने पेन खाली ठेवून बसली. डोळे लाल. सूचना द्यावीशी वाटली, दिली नाही. नियम सर्वांना सारखा.

वेळ संपल्यावर दुसऱ्या डब्याभोवती ही गर्दी. मी पाठमोरी, उत्तरपत्रिका मोजून क्रमाने लावत होते. सदतीस उत्तरपत्रिका, सदतीस चिठ्ठ्या. हिशेब जुळला.

१३ जाने., रविवार

भोगी. बाजरीची भाकरी यजमानांनी, विनायकरावांनी, शेजारच्या काकूंकडून आणली आणि मला ताटात वाढूनही दिली. मी लाल पेन खाली ठेवले नव्हते.

बहुतेक पंचवीस-तीसच्या घरात. दोन टोके मात्र लक्षात राहिली. क्रमांक तेवीस: पन्नासपैकी सेहेचाळीस. चौथ्या प्रश्नातली पाचही क्रियापदे अचूक लिंकिंग, पाच खुणा. पाचव्याचे उत्तर उतरवून ठेवण्यासारखे: "'आई वाढते' म्हटले की मूल विचारते, काय वाढते? भात की भाजी? ज्या क्रियापदाला 'काय' विचारल्याशिवाय पोट भरत नाही ते ट्रान्झिटिव्ह. 'बाळ झोपते' म्हटल्यावर काय झोपते असे कोणी विचारत नाही. ते इन्ट्रान्झिटिव्ह." बावीस वर्षांत मला इतके सोपे सुचलेले नाही. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे आहे.

क्रमांक नऊ: अकरा. दोन पाने कोरी.

१४ जाने., सोमवार

डबा उघडला. तेवीसच्या पाठीवर नाव: सुवर्णा चौगुले. नऊच्या पाठीवर: मगदूम.

मुलीविषयी माझा अंदाज चुकला. म्हणूनच तर ही पद्धत. डोळ्यांनी जे चुकते ते क्रमांक दुरुस्त करतो. गुरुजींबद्दल काही वाटले नाही. अपेक्षितच होते.

वि. नी तिळगूळ पुढे केला. "गोड बोला म्हणायचं असतं. तुला वर्षभर जमेल का, का आजच्यापुरतंच?"

१७ जाने., गुरुवार

अहवाल दिला. उत्तीर्णतेची मर्यादा वीस, तिच्याखाली एकच. म. गुरुजींच्या नावापुढे 'अपात्र' लिहिले, तारीख घातली, सही केली.

विस्तार अधिकारी चिठ्ठ्यांच्या पद्धतीवर बेहद्द खूश. "मॅडम, हे सगळ्या तालुक्यांत लावू आपण. तुमच्या नावानंच लावू." तेवीस क्रमांकाची उत्तरपत्रिका नमुना म्हणून सर्वांना पाठवावी, अशीही सूचना त्यांनी केली. उत्तरपत्रिका माझ्याकडेच आहेत. स्वच्छ प्रत मी करून देते म्हणाले.

२२ जाने., मंगळवार

आज प्रत करायला बसले. पाचवा प्रश्न उतरवला, मग चौथा. हात थांबला. ती पाच वाक्ये अशी:

आय बिकेम अ टीचर इन माय ओन व्हिलेज.
माय हेअर टर्न्ड व्हाइट देअर.
आय ग्रू ओल्ड इन वन स्कूल.
इंग्लिश स्टिल टेस्ट्स बिटर.
बट आय फील यंग इन फर्स्ट स्टँडर्ड.

गावात शिक्षक झालो, तिथेच केस पांढरे झाले, एकाच शाळेत म्हातारा झालो. वय तेवीस?

'बिकेम', 'टर्न्ड', 'ग्रू', 'टेस्ट्स', 'फील'. पाच क्रियापदे, पाच बरोबरच्या खुणा, माझ्याच लाल शाईत. प्रकार तपासला. वाक्य वाचलेच नव्हते.

धावत जाऊन नऊ क्रमांक काढला. कोऱ्या पानांच्या आधी दोन ओळी: 'माय फादर इज मोल्डर इन शिरोली. आय ॲम फिअर', आणि पुढे खोडलेले. छप्पन्न वर्षांच्या गुरुजींचे वडील शिरोलीच्या फाउंड्रीत साचे करणारे मोल्डर!

चिठ्ठ्या बदललेल्या आहेत. पेपर लिहून झाल्यावर, डब्याजवळच्या गर्दीत, माझी पाठ असताना. ज्याचे केस शाळेत पांढरे झाले त्याला मी अपात्र ठरवले आहे, लेखी, सहीनिशी.

रक्तदाबाची गोळी एक घेतली की दोन, आठवत नाही.

२३ जाने., बुधवार

वि. ना सांगितले. ते फाउंड्रीत कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागांच्या, तपासणीवर असतात. चूक ऐकून चेहरा हलत नाही.

"म्हणजे तू गेज लावलास, माप बरोबर आलं, पास केलंस. कास्टिंगकडं बघितलंच नाहीस."

"पद्धत निर्दोष होती."

"आमच्याकडं सगळे असंच म्हणतात. लॉट परत आल्यावर."

रागाने उठून गेले. राग त्यांच्यावर नव्हता.

२५ जाने., शुक्रवार

कार्यालयात गेले. नावे न घेता विचारले: एखाद्या चाचणीत दोन नावांची अदलाबदल झाली असेल तर काय करतात?

विस्तार अधिकाऱ्यांनी पेन टेबलावर आपटले. "अदलाबदल झाली नसती मॅडम, केली असती. मग चौकशी. शिक्षणसेवक असला तर त्याच दिवशी घरी. कायम असला तर दोषारोपपत्र. का, काय झालंय?"

"काही नाही."

"मग सोडा. त्या गुरुजींच्या बदलीचा कागद फेब्रुवारीत निघेल. पन्हाळ्याच्या पलीकडं एक वाडी आहे, तिथं माणूसच जात नाही."

काही नाही! बेधडक खोटे बोलले, सरकारी टेबलासमोर. खरे सांगितले तर दोघे जातात. गप्प बसले तर एक जातो, तोही नको तो. दोन्ही बाजूंना खाली माझी सही.

२९ जाने., मंगळवार

रजा घेऊन एस.टी.ने कागल, तिथून वडापची जीप. पंचतारांकित एमआयडीसीच्या नव्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अडकलेल्या. पाऊण तास उशीर.

शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत सुवर्णा चौगुले तिसरी-चौथी घेऊन बसली होती. मला पाहिले, आणि भरलेला फळा पुसायला लागली. दुसऱ्या खोलीत म. गुरुजी, पहिली-दुसरी. मी दाराबाहेर थांबले. ते एका मुलीला विचारत होते, "रेणुका ईट्स. पुढं?"

पोरे एका सुरात: "काऽऽय?"

"भाकरी! रेणुका ईट्स भाकरी. आता, रेणुका स्लीप्स."

शांतता. एक पोर म्हणाले, "काय न्हाय गुरुजी, झोपली की ती."

"शाब्बास. झोपंला काय लागत न्हाय."

मग मी दिसले. "उठा रं, पावणं आल्यात." दुपारी तीन वाजता सगळा वर्ग ओरडला, "गुड मॉर्निंग, टीचर!"

व्हरांड्यात बसलो. विषयालाच हात घातला. "गुरुजी, हे 'काय' विचारण्याचे उदाहरण कोणाचे?"

"चौगुले बाईंचं. मी त्यास्नीच इचारून घेतलं."

"आणि एकाच शाळेत केस पांढरे झाले, ते कोणाचे?"

टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "माझं तर झाल्यात. पर ते तुमच्या कागदावर न्हाईत."

"तुम्हाला अकरा गुण कसे पडले?"

"वय झालं, बाई. पेपर बगितला की डोळ्याम्होरं अंधारी येत्या."

"गुरुजी, मी दोन्ही उत्तरपत्रिका वाचल्या आहेत."

"आता वाचलासा." आवाज चढला नाही, पण हसणे गेले. "तुम्हीच म्हटलासा न्हवं, नाव बगायचं न्हाय, नंबर बगायचा? नंबर बगितलासा. सही केलासा. आता कशाला नाव बगताय?"

मी म्हणाले, फेरचाचणी घ्यायला लावते.

"घ्या की. मी कोराच दीन."

"का?"

बोटांवर मोजून सांगितले, हिशेब शिकवतात तसे. "ती पोरगी परत घाबरंल. तिचा कोरा आन् माझा भरलेला, तर तिला घरला पाठिवत्याल. तिचा भरलेला आन् माझा कोरा, तर मी बदलून जातो, माझ्या जागी दुसरा मास्तर येतो, साळा चालती. दोघांचा बी कोरा, तर दोघांस्नी काढाय येत न्हाय, साळाच बंद पडंल. म्हंजे माझा कोराच बरा. कसंबी धरा."

"आणि खरे काय, ते?"

"खरं तुमच्या हितं लागतंय, बाई. आमच्या हितं दोन मास्तर लागत्यात."

परतीच्या गाडीत पूर्ण वेळ उभी होते. बसायला जागा होती.

२ फेब्रु., शनिवार

दुपारी दोनला दार वाजले. सुवर्णा चौगुले. शाळा सकाळची करून थेट आली. बसायला सांगितले, बसली नाही.

"मॅडम, मी आलेलं गुरुजींस्नी म्हाईत न्हाय. त्यांनी सांगितलंय, काय बोलायचं न्हाय."

"मग बोलू नको."

पण ती बोलली. डब्याजवळ गुरुजींनी तिच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली, स्वतःची दिली, आणि म्हणाले, तंगी, हितं नाव लिही. तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्यांच्या घरी कानडी बोलतात, तिलाही तसेच हाक मारतात. "मला काय सुचंना. मी लिवलं."

गुरुजींच्या पत्नी संधिवाताने दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आहेत. रोज मधल्या सुट्टीत गुरुजी घरी जाऊन त्यांना उठवून बसवतात, जेवण देतात, आणि परत येतात. शाळा आणि घर यांत एक बोळ. त्या वाडीवर बदली झाली तर हे कोण करणार, असे तिने मलाच विचारले.

मी तिला सहज म्हणून विचारले: 'द मिल्क स्मेल्स सावर', यातले 'स्मेल्स' कोणते?

"लिंकिंग. दूध वास घेत न्हाय, दुधाला वास येतोय."

'शी स्मेल्स द मिल्क'?

"ट्रान्झिटिव्ह. काय? तर दूध."

मोडल विचारले, स्थिती दाखवणारे स्टेटिव्ह विचारले. बारा प्रश्न, बारा उत्तरे, एकही अडखळ नाही. रोज शाळा सुटल्यावर गुरुजींनी तासभर घोटून घेतले आहे.

"मग त्या दिवशी काय झाले होते तुला?"

पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितले. "तुम्ही मला हुबं केलासा, मॅडम. चौथीतल्या पोरीला बी येतंय म्हटलासा. पेपर बगितला की तेच ऐकू यायलतं."

नंतर चहा घेतला तिने. कपबशी स्वतः विसळून ठेवली. तिचे बोलणे कुठेही वापरणार नाही, असा शब्द दिला. दिलेला शब्द आता माझ्याच पायात बेडी.

४ फेब्रु., सोमवार

सकाळपासून कामात लक्ष नाही. माझ्या शाळेत, नववीच्या वर्गात, 'मे' आणि 'माइट' यांतला फरक सांगताना मध्येच थांबले. मुलींनी एकमेकींकडे पाहिले.

त्या मंगळवारचा तक्ता आठवतो, आणि त्याच्यासमोर उभी ठेवलेली मुलगी. आपण लोकांना शिकवतो की फक्त तपासतो? आजवर हा प्रश्न इतरांसाठी होता.

वि. म्हणतात, लॉट परत बोलवायचा असेल तर चूक आपल्या खात्यात लिहावी लागते, मोल्डरच्या नाही. तरच तो परत येतो.

म्हणजे चिठ्ठ्यांची पद्धतच माझी चूक म्हणून लिहायची.

६ फेब्रु., बुधवार

निवेदन दिले. मजकूर असा की, चिठ्ठीवरील नाव आणि उत्तरपत्रिकेवरील क्रमांक यांचा संबंध सिद्ध करण्याची कोणतीही सोय मी ठेवली नव्हती. संकलनाच्या वेळी माझे लक्ष नव्हते. सबब सदर चाचणीचा निकाल, सर्व सदतीस जणांपुरता, मी विश्वसनीय मानत नाही. चूक सर्वस्वी माझी. फेरचाचणी नावानिशी, प्रत्येकाच्या स्वतःच्या वर्गात, अर्धी तोंडी व अर्धी लेखी घ्यावी. कोणाचेही नाव लिहिले नाही. एकही वाक्य खोटे नाही. चार वेळा तपासले. या वेळी अर्थही तपासला.

विस्तार अधिकारी वाचून लालबुंद. "तुमच्या नावानं सगळ्या तालुक्यांत लावणार होतो हे! वर काय तोंड दाखवू?" मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "कोणाला वाचवताय, मॅडम?"

"माझी सही."

कागद दोनदा उलटला. "बदलीचा कागद तयार आहे. सोमवारपर्यंत दाबून ठेवतो. त्या गुरुजींच्या शाळेतले दोघंही, पहिली आलेली आणि नापास झालेले, पेपर लिहायला तयार आहेत, एवढं मला कळलं पाहिजे. तयार नसतील तर आहे तोच निकाल. माझंबी डोकं खाऊ नका."

पायऱ्यांच्या कठड्याला धरून उतरले. कोणी पाहिले असल्यास पाहो.

सुवर्णा लिहील. ते लिहितील का? कोराच दीन, म्हणाले आहेत. तो माणूस बोलल्यासारखे करणारा दिसतो.

७ फेब्रु., गुरुवार

तोंडी निरोपाने चालणार नाही. ते हसून उडवतील. गुरुजींना पत्र लिहिले, सकाळी कागलच्या गाडीने निघालेल्या एका शिक्षकाच्या हाती बंद पाकिटात दिले. ही त्याची प्रत:

"श्री. मगदूम गुरुजी यांस,

सा. न. वि. वि.

पहिल्या चाचणीचा निकाल मी मागे घेतला आहे. कोणाची चिठ्ठी कोणाकडे गेली, हे मी तुम्हाला पुन्हा कधीही विचारणार नाही आणि कोणाला सांगणार नाही.

तुमच्या हिशेबात एक आकडा चुकला आहे. दोघांचाही पेपर भरलेला, हा पर्याय तुम्ही मोजलाच नाही. कु. चौगुले यांची तयारी मी स्वतः पाहिली आहे. त्या घाबरल्या त्या माझ्यामुळे. फेरचाचणीच्या दिवशी मी त्या खोलीत असणार नाही. दुसऱ्या कोणाकडून घ्यावी, अशी विनंती मी केली आहे.

तुम्ही कोरा पेपर दिलात, तर बदलीचा कागद निघेल आणि त्याच्या तळाशी माझे नाव असेल. तुम्ही ते सोसाल, हे मला ठाऊक आहे. घरी ज्यांना दुपारी उठवून बसवावे लागते त्यांनी ते का सोसावे, हे मला कळत नाही. मी तुम्हाला वर्गात खाली बसवले, त्याबद्दल क्षमा मागते. जुवाचे तुमचे उत्तर बरोबर होते.

फेरचाचणीत स्वतःच्या नावावर, स्वतःला येते तेवढे सगळे, तुम्ही लिहाल का? हो किंवा नाही, एवढेच. पण तुमच्या हस्ताक्षरात, तारीख घालून, सहीनिशी, सोमवारी सकाळी अकराच्या आत माझ्या हाती पडले पाहिजे. निरोप पाठवू नये, चौगुले बाईंना पाठवू नये. लेखी उत्तर द्यावे."